महर्षी शिंदे यांचा अर्धपुतळा: कल्पनेपासून अनावरणापर्यंतचे वीस महिने

२ जानेवारी २०२५ ला आमच्या महाविद्यालयाच्या आवारात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं. त्यानंतरच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या संस्थांमधून फोन आले. प्रश्न एकच, "मॅडम, परवानगी कशी काढलीत?" फोनवर सगळं सांगून होत नाही, काहीतरी राहूनच जातं. म्हणून टिपणवही समोर घेऊन क्रमाने लिहिते आहे.

मी याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी. इथेच एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. शिंदे यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते इथेच, एफ. वाय. ला असताना, आमच्या मराठीच्या सरांकडून. वर्गात शिकवता शिकवता सर मध्येच थांबले आणि म्हणाले, धर्माचा अभ्यास करायला ऑक्सफर्डला गेलेला आणि परत येऊन अस्पृश्य मुलांची शाळा काढणारा माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. मी त्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ‘माझ्या आठवणी व अनुभव’ काढलं. पुढे त्याच कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

२३ एप्रिल २०२३ ला शिंदे यांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. रविवार होता. माजी विद्यार्थी संघाने छोटा कार्यक्रम ठेवला होता, चाळीसेक माणसं आली. आभार मानून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "आवारात त्यांचा पुतळा का नसावा?" तिथल्या तिथे एकवीस हजार जमले. दिवाळीपर्यंत पुतळा उभा राहील असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटलं होतं.

पहिला प्रश्न घरातूनच आला. संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "शिंदे आपल्या कॉलेजचे विद्यार्थी होते का?" नव्हते. जमखंडीत जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमधून १८९८ मध्ये बी. ए., आणि नंतर १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात. आमचं महाविद्यालय निघालं तेव्हा त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी एवढंच सांगितलं, की आपल्या वसतिगृहात आज वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवतात, ती पंगत घालायला ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांच्यातले हे एक आहेत. १७ जून २०२३ ला ठराव झाला. ठरावात तीन गोष्टी नेमक्या शब्दांत असू द्या: जागा कोणती, खर्च कोण करणार, आणि पुढची देखभाल कोणाकडे. आमच्या पहिल्या ठरावात देखभालीचा उल्लेख नव्हता. त्या एका वाक्यासाठी ऑगस्टमध्ये दुसरी बैठक बोलवावी लागली.

आमची समजूत अशी होती, की जागा संस्थेची, कुंपणाच्या आत, मग परवानगी कशाला? प्रांत कार्यालयात चौकशीला गेले तेव्हा कळलं, की परवानगी लागते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून मिळते. आधार आहे सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय. तो छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. त्याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेशही वारंवार समोर येतो; रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी पुतळे उभारायला त्या आदेशाने मनाई केली आहे. आमची जागा रस्त्यापासून आत असल्याचं दाखवणारा नकाशा म्हणूनच मागितला गेला.

आमच्याकडून मागितलेली कागदपत्रं अशी होती. संस्थेचा ठराव, सातबारा आणि मोजणी नकाशा, पुतळ्यामुळे रहदारीला किंवा रस्ता रुंदीकरणाला अडथळा नाही असा दाखला, दोन किलोमीटरच्या परिसरात याच व्यक्तीचा दुसरा पुतळा नाही याचा अहवाल, कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचा अहवाल, नगरपरिषदेचं ना हरकत, चौथऱ्याचं संकल्पचित्र, पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, आणि शासनावर खर्चाचा भार न टाकता पुतळ्याचं पावित्र्य आणि देखभाल आम्ही राखू असं हमीपत्र. सातबाऱ्यावर संस्थेचं जुनं नाव निघालं. १९९४ मध्ये संस्थेच्या नावात एक शब्द वाढला होता, तो उताऱ्यावर चढलाच नव्हता. नोंद दुरुस्त व्हायला सात आठवडे गेले. तुम्ही काहीही करायच्या आधी उतारा काढून नाव तपासा, हे मी आता प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगते.

११ सप्टेंबर २०२३, सोमवारी प्रस्ताव दाखल केला. तीन प्रती नेल्या होत्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवली. या पोचेने नंतर आम्हाला वाचवलं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना आमच्या फाइलमधलं एक पत्र गहाळ झालं, आणि तारीख-क्रमांकासकट झेरॉक्स हातात असल्यामुळे दोन दिवसांत त्याची प्रत जोडता आली.

पुढच्या आठवड्यात गणपती बसले. मग पोलीस बंदोबस्तात, त्यानंतर नवरात्र, मग दिवाळी. पोलीस ठाण्यातले हवालदार साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, सणासुदीत हा कागद हलायचा नाही. दिवाळीनंतर या, मी स्वतः बघतो." त्यांनी शब्द पाळला. नोव्हेंबरमध्ये ते आवारात आले, वसतिगृहाच्या मुलांशी बोलले, शेजारच्या तिन्ही वस्त्यांमध्ये फिरून कुणाचा आक्षेप आहे का ते विचारलं. २४ नोव्हेंबरला अहवाल गेला.

आक्षेप नव्हता, पण एक प्रश्न होता, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आमच्याच महाविद्यालयातला एक तरुण प्राध्यापक मला भेटायला घरी आला. तो म्हणाला, "मॅडम, स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर शिंदे बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे. हे आपण मुलांना सांगणार आहोत की नाही?" स्वतंत्र म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदारांनी निवडायचे, संयुक्त म्हणजे सगळ्यांनी मिळून. तो बरोबर बोलत होता. हा मतभेद खरा होता आणि तो लहान नव्हता. पुतळा उभा केला की माणसाभोवती नुसती आरती सुरू होते, ही त्याची भीती मलाही वाटत होती. आम्ही ठरवलं, अनावरणाच्या दिवशी त्याच विषयावर त्याने बोलायचं. आणि तो बोलला, पाऊण तास, दोघांच्याही भूमिका समोर ठेवून. त्या दिवशीचं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

दरम्यान शिल्पकार ठरला. कोल्हापूर आणि पुण्यातून पाच दरपत्रकं मागवली होती. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दरांत दुपटीचा फरक होता. दर विचारताना उंची, धातू, धातूची जाडी, जीएसटी धरून की वगळून, वाहतूक कोणाची, आणि मातीच्या नमुन्यात दुरुस्त्या सांगितल्या तर त्याचे वेगळे पैसे का, हे सगळं लेखी घ्या. आम्ही तीन फुटी अर्धपुतळा, कांस्य, तांबं ८५ टक्के आणि जस्त, कथील, शिसं प्रत्येकी ५ टक्के असं मिश्रण ठरवलं. पुतळ्यांच्या कामात हेच प्रमाण सर्रास लिहिलेलं असतं. धातूच्या तपासणीचा अहवाल देण्याची अट करारात टाकली.

वयाचा वाद बरेच दिवस चालला. माझ्या मनात ऑक्सफर्डला निघालेले अठ्ठावीस वर्षांचे शिंदे होते. विद्यार्थ्यांसमोर विद्यार्थी उभा असावा असं मला वाटत होतं. पण शिल्पकाराला समोरून, डावीकडून आणि उजवीकडून अशी तिन्ही छायाचित्रं लागतात, आणि तरुणपणीचं समोरून काढलेलं एकच आम्हाला मिळालं. उतारवयातल्या दाढीधारी शिंद्यांची मात्र बरी छायाचित्रं होती. शेवटी तेच ठरलं. मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. पण अंदाजाने चेहरा घडवणं बरं नव्हे, हे शिल्पकाराचं म्हणणं रास्त होतं.

जानेवारी २०२४ च्या शेवटी मातीचं काम पाहायला कोल्हापूरला गेलो. शेडमध्ये शिरलो तर मध्यभागी फिरत्या पाटावर ओल्या फडक्यांनी आणि वरून प्लास्टिकने गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. शिल्पकाराने (आम्ही त्याला दादा म्हणायचो) एकेक फडकं सोडवलं. माती काळपट, ओली, कपाळावर पाण्याचे थेंब. आमच्यातले दोघं आपोआप चप्पल काढून उभे राहिले. चेहरा शिंद्यांचाच होता, पण काहीतरी चुकत होतं. कुणाला सांगता येईना. मग दादाच म्हणाला, "ताई, डोळे कडक झालेत ना?" त्याने लाकडी कोरणी घेतली, खालच्या पापणीखालची माती तांदळाच्या दाण्याएवढी काढली, दुसऱ्या डोळ्यालाही तेवढीच. बास. समोरचा माणूस रागावलेला होता तो ऐकणारा झाला. मी आजही पुतळ्यासमोर उभी राहिले की आधी ती खालची पापणी बघते.

मातीचा नमुना पाहायला जाताना दुपारी बाराला जाऊ नका. सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उजेडात, असं दोनदा बघा. आणि पुतळा चौथऱ्यावर वर चढणार असतो, म्हणून खाली बसूनही बघा. खालून हनुवटी आणि दाढी फार मोठी दिसते. आमच्या दादाने त्या हिशेबाने दाढी थोडी मागे घेतली.

कला संचालनालय मुंबईत, सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात आहे. सीएसएमटीहून चालत जाता येतं. नमुन्याची सगळ्या बाजूंनी काढलेली छायाचित्रं आणि मूळ छायाचित्रं शेजारी शेजारी लावून नेली. त्यांनी दोन सूचना केल्या, डावा खांदा आणि कानाची पाळी. दोन्ही योग्य होत्या. दुरुस्त्या करून पुन्हा सादर केलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मान्यतेचं पत्र मिळालं. समितीची बैठक त्याच महिन्यात होती. आम्ही खूश होतो.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. बैठक पुढे गेली ती जून उलटेपर्यंत. या काळात मातीच्या नमुन्याचं काय करायचं? माती वाळली की तडकते. दादाने मान्यता मिळाल्या मिळाल्या प्लास्टरचा साचा काढून त्यातून फायबरची प्रत ओतून ठेवली, म्हणून काम वाचलं. करारात हा टप्पा लिहून घ्या. परवानगीची वाट बघत माती महिनोन् महिने ओली ठेवणं कुणालाच परवडत नाही.

२५ जुलैला समितीची बैठक झाली. तोंडी कळलं, हरकत नाही. लेखी आदेश यायच्या आत २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. बातमी बघून रात्रभर झोप लागली नाही. दुःख तर होतंच, शिवाय आपण उभं करणार आहोत त्याची जबाबदारी केवढी, हे त्या दिवशी अंगावर आलं. आपला पुतळा तीन फुटांचा, म्हणून काय झालं, खाली मुलं बसणार आहेत. सप्टेंबरमध्ये बांधकाम विभागाकडून विचारणा आली: पाया, चौथरा आणि पुतळा यांच्या जोडणीचं आरेखन, संरचना अभियंत्याच्या सहीशिक्क्यासह. आठ हजार रुपये खर्चून ते करून घेतलं. मागितलं नसतं तरी करायला हवं होतं. पुतळ्याच्या आत स्टेनलेस स्टीलचे चार बोल्ट आणि चौथऱ्यातल्या सळयांना त्यांची पकड, हे सगळं त्यामुळे कागदावर आणि नीट झालं.

४ ऑक्टोबर २०२४ ला लेखी आदेश हातात पडला. अकराच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. ते पत्र आणखी दोन आठवडे कुठे अडकलं असतं तर गणित पुन्हा पुढच्या वर्षावर गेलं असतं. तुमच्या भागातल्या सगळ्या संभाव्य निवडणुका, जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंत, कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा.

ओतकाम बघायला मी गेले होते. आधी मेणाची प्रत बनते, पोकळ, धातूची जाडी जेवढी हवी तेवढ्याच जाडीची. तिला मेणाच्या नळ्या जोडतात, वरून साच्याचा थर चढतो, भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि मोकळ्या झालेल्या जागेत वितळलेल्या धातूचा रस ओततात. ओतताना कुणी बोलत नव्हतं. कामगार एकमेकांना मानेनेच खुणावत होते. दुसऱ्या दिवशी साचा फोडला तेव्हा आतून निघालेलं काम खडबडीत, नळ्यांचे ठोंब अंगभर. ते कापायचे, घासायचे, जोड बुजवायचे, मग ब्लोटॉर्चने तापवून रसायनाचे हात मारत रंग आणायचा. यात सहा आठवडे गेले.

मधल्या काळात नामफलक. आमच्यासाठी सगळ्या प्रवासातली ही सगळ्यात अवघड गोष्ट ठरली, आणि ती तीन शब्दांची होती. मसुद्यात लिहिलं होतं, "थोर समाजसुधारक". मला तिथे "धर्मचिंतक" हा शब्द आधी हवा होता. काही सदस्यांना भीती वाटली, धर्म हा शब्द फलकावर आला की उगाच अर्थ काढले जातील. मी म्हटलं, तो गाळला तर हा माणूसच अर्धा राहतो. युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले ते तौलनिक धर्म शिकायला. परतीच्या वाटेवर ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर बोलले. मुंबईत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनी अस्पृश्यांसाठी काम करणारी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी ही संस्था काढली, बहीण जनाक्कांना सोबत घेऊन वस्तीत काम केलं, ते धर्म बाजूला ठेवून केलेलं काम नव्हतं. माणसाला दूर लोटणारा तो धर्मच नव्हे, हे त्यांच्या ईश्वरनिष्ठेतून निघालेलं उत्तर होतं. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा १९३३ चा ग्रंथही त्याच अभ्यासाचा. मी हे बोलताना माझा आवाज चढला होता, नंतर मी सगळ्यांची माफी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, माफी राहू द्या, शब्द राहील." फलकावर आता आहे: धर्मचिंतक, समाजसुधारक, संशोधक.

आणि तोच शब्द फलकवाल्याकडून आला तो "धर्मचितंक" असा. अनुस्वार एक अक्षर पुढे सरकला होता. मोबाइलवर आलेल्या फोटोत तो दिसतही नव्हता. छापील प्रत मागवली म्हणून सापडला. पितळेवर कोरायच्या आधी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या आणि तीन माणसांकडून, शेवटून सुरुवातीकडे, एकेक अक्षर वाचून घ्या. तारखा तर पुस्तक उघडून ताडा. आम्ही गो. मा. पवारांनी लिहिलेल्या शिंदे यांच्या चरित्रावरून ताडल्या.

२१ डिसेंबरला, शनिवारी, पुतळा आला. वजन ९२ किलो. हायड्रा क्रेन सकाळी सात वाजताची सांगितली होती, मुलं यायच्या आत काम व्हावं म्हणून. तरी वसतिगृहातली पोरं ब्रश तोंडात धरून गॅलरीत उभी होतीच. बोल्ट आवळून झाल्यावर पुतळा कापडाने झाकला आणि रोज रात्री पहारेकऱ्याने फेरीत बघायचं असं ठरवलं. अनावरण होईपर्यंतचे बारा दिवस पुतळा झाकलेला असताना त्याची काळजी जास्त घ्यावी लागते, हे पोलीस ठाण्यातून आवर्जून सांगितलं होतं.

खर्च लपवण्यासारखा नाही. पुतळा जीएसटीसह ३ लाख ४२ हजार, पाया आणि ग्रॅनाइटचा चौथरा ९६ हजार, फलक साडेअकरा हजार, क्रेन आणि वाहतूक ९ हजार, अभियंता ८ हजार, प्रवास, स्टँप पेपर आणि झेरॉक्स मिळून १४ हजार ३००, कार्यक्रम २२ हजार. एकूण ५ लाख २ हजार ८००. १३७ जणांकडून ५ लाख ३१ हजार जमले होते. सगळ्यात लहान देणगी ५१ रुपयांची, आमच्या निवृत्त शिपाईकाकांची. पावती घेताना त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. उरलेले २८ हजार २०० देखभालीच्या खात्यात ठेवले आहेत. दर तीन महिन्यांनी मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसायचं, वर्षातून एकदा मेणाचा हात द्यायचा. साबण, लिंबू, चिंच, पॉलिश काहीही लावायचं नाही. चकचकीत करण्याच्या नादात रंगाचा थर जातो.

आमची पूर्ण फाइल, ठरावापासून अंतिम आदेशापर्यंत १६८ पानं, बांधून ग्रंथालयात ठेवली आहे. संदर्भ विभागात, शिंदे यांच्या पुस्तकांच्या शेजारी. कामाच्या दिवशी दहा ते पाच या वेळेत कुणीही येऊन झेरॉक्स काढून घ्यावी. हमीपत्राचा मसुदा पान ४१ वर आहे, अभियंत्याचं आरेखन पान १३० पासून पुढे. आणि फलकाचा तो चुकलेला कागद शेवटच्या पानाला टाचला आहे, अनुस्वाराभोवती लाल गोल केलेला.